लिंक काकांनी टाकली, सिनेमा घरच्याच पोराचा

रानजाई

गेल्या शुक्रवारी एक मराठी चित्रपट लागला. माझा धाकटा चुलतभाऊ त्यात ध्वनीच्या कामावर होता. नाव लिहीत नाही, जाहिरातीसाठी हा धागा काढलेला नाही. ऐन श्रावणात चार रात्री भुदरगडकडे राहून त्याने नुसता पाऊस ध्वनिमुद्रित केला. कौलांवरचा, पत्र्यावरचा, गोठ्यावर टाकलेल्या ताडपत्रीवरचा. डोळे मिटले तरी माणूस कुठल्या घरात बसलाय ते कळलं पाहिजे, असं तो म्हणायचा.

रविवारी संध्याकाळी सात वाजता घरच्या ग्रुपवर आमच्या थोरल्या काकांचा, अण्णांचा, मेसेज आला. "आपल्या घरच्या पोराचा सिनेमा. सर्वांनी अवश्य पाहावा." खाली टेलिग्रामची लिंक. चौदा जणांनी अंगठे दिले. भाऊ त्याच ग्रुपवर आहे. तो काहीच बोलला नाही.

मी लिंक उघडली आणि दोन मिनिटांत बंद केली. थिएटरात बसून मोबाइलवर घेतलेली प्रत होती. पाऊस कुठे नव्हताच. पंख्यासारखी घरघर, आणि कोणीतरी खोकत होतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या चोरीने मराठी सिनेमाचं खरोखर किती बिघडतं? "दोन महिन्यांनी ओटीटीवर येणारच आहे" म्हणून थांबणाऱ्या माणसामुळे होणारं नुकसान यापेक्षा मोठं आहे का? आणि अण्णांना हे सांगायचं कसं? ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांनी लिंक टाकली ती निव्वळ कौतुकाने.

---

तालीममास्तर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ग्रुपवर काही लिहू नका. घरी जा, चहा घ्या, समोर बसून सांगा.

---

सरळमार्गी

चोरी ती चोरीच. कौतुकाने केली म्हणून तिचं नाव बदलत नाही. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. थिएटरात चित्रपट रेकॉर्ड करणाऱ्याला किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद होऊ शकते. दंड तीन लाखांपासून पुढे, थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. आपल्या राज्यात तर त्याही आधी, २००९ मध्ये, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या एमपीडीए कायद्यात 'व्हिडिओ पायरेट' हा शब्द घातला गेला. म्हणजे स्थानबद्धतेचीसुद्धा सोय आहे. कायदा भरपूर आहे, आपल्याला त्याची भीती तेवढी नाही.

---

मेथीचीजुडी

सरळमार्गी, कायदा मान्य. पण मी किनवटकडचा आहे. नांदेडचं मल्टिप्लेक्स इथून शंभर किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन दिवस मोडतो, एसटीचं भाडं तिकिटापेक्षा जास्त होतं आणि तिथे पोचल्यावर मराठी सिनेमाचा खेळ दुपारी सव्वाबाराचा असतो, तोही गुरुवारपर्यंत टिकला तर.

२०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा मी अकरावीत होतो. आमच्या चौकातल्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. वीस रुपयांत गाणी आणि एक सिनेमा. अख्ख्या वर्गाने तो तसाच पाहिला. आम्ही चोर होतो असं मला आजही वाटत नाही. आम्हाला कोणी तिकीट विकायलाच आलं नव्हतं. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला खिडकी तरी दिसली पाहिजे ना.

---

व्हिडिओकोच

मेमरी कार्डावरून आठवलं. नव्वदीत मुंबई-कोल्हापूर खासगी लक्झरीत रात्री पिक्चर लावायचे. ड्रायव्हरच्या डोक्यावर पेटीत टीव्ही आणि खाली व्हीसीआर. प्रत कुठून आणलेली असायची हे कोणी विचारत नसे. पहाटे गाडी मुक्कामाला लागली की क्लीनर टीव्ही बंद करायचा. कितीतरी सिनेमांमधला खून कोणी केला ते मला अजून ठाऊक नाही.

आणि केबलवाला! नवा पिक्चर लागला की त्याच आठवड्यात रात्री साडेनऊला त्याच्या स्वतःच्या चॅनेलवर. खाली गल्लीतल्या किराणा दुकानाची जाहिरात सरकत असायची.

---

चष्मेबद्दूल

व्हिडिओकोच, त्यातल्या एकाचं नाव सांगा, खुनी मी सांगते.

---

पडद्यामागचा

आमचं कराडकडे एकपडदा थिएटर होतं. आजोबांनी बांधलं, वडिलांनी चालवलं, मी बंद केलं. त्यामुळे रानजाईताईंच्या पहिल्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो.

सिनेमा कसा कमावतो ते आधी बघा. तिकिटातला कर वजा केल्यावर उरलेली रक्कम थिएटर आणि वितरक वाटून घेतात. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं भांडण होऊन दोन महिने नवे सिनेमे लागले नव्हते. तेव्हा ठरलेला हिशेब असा : पहिल्या आठवड्यात निर्मात्याकडे ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, त्यापुढे तीस. पुढचे करार याच चालीवर होत आले. शिवाय डिजिटल प्रक्षेपण आल्यापासून निर्माता प्रत्येक पडद्यासाठी व्हीपीएफ, म्हणजे प्रतीचं शुल्क, वेगळं भरतो. पडदा रिकामा राहिला तरी ते भरावंच लागतं.

मोठा हिंदी सिनेमा पहिल्या तीन दिवसांत आपले पैसे काढून घेतो. जाहिरात तेवढी असते. मराठीचं तसं नाही. आपला सिनेमा 'अगं, छान आहे, जाऊन ये' यावर चालतो. शुक्रवारी पंचवीस माणसं, शनिवारी साठ, रविवारी भरलेलं, आणि खरी कमाई दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' असाच चालला. बायका गट करून, ठरवून साड्या नेसून आल्या आणि परत आल्या.

चोरीची प्रत येते ती नेमकी या वेळी. रविवारी 'छान आहे' म्हणणाऱ्याच्या वाक्याला शेपूट जोडलं जातं, 'लिंक पाठवते.' ज्या तोंडी प्रचाराने तिकीट विकलं जायचं तोच आता चोरीची प्रत पसरवतो. सोमवारी खेळात आठ माणसं असतात आणि मल्टिप्लेक्सचा प्रोग्रॅमिंगवाला आकडा बघून मंगळवारी तो खेळ दुसऱ्या सिनेमाला देतो. त्याचंही चुकत नाही, त्याला वीजबिल आहे. पण दुसरा आठवडा गेला की मराठी सिनेमा संपला.

तुमच्या अण्णांनी एक तिकीट बुडवलं असं मी म्हणणार नाही. चौदा अंगठ्यांपैकी चार जण जरी बुधवारी गेले असते तरी कदाचित तो खेळ टिकला असता. माझ्या हिशेबाने नुकसान हे आहे.

---

मुक्ताछंद

पडद्यामागचा, प्रतिसाद दोनदा वाचला. +१.

---

आकडेमोड

थोडी आकडेवारी. अर्न्स्ट अँड यंग आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन यांच्या २०२४ च्या अहवालात २०२३ मधल्या पायरसीचा बाजार २२,४०० कोटींचा धरला आहे. त्यातले १३,७०० कोटी थिएटरमधल्या सिनेमांच्या चोरीतून आणि ८,७०० कोटी ओटीटीवरच्या. पाहणीतले ५१ टक्के लोक कुठे ना कुठे चोरीचा मजकूर बघतात.

पण अशा आकड्यांपुढे मी नेहमी एक प्रश्न ठेवतो. फुकट बघणाऱ्या प्रत्येकाने तिकीट काढलं असतं का? नाही. मेथीचीजुडी यांच्या वर्गातल्या पोरांनी नक्कीच नाही. उलट 'सैराट'ची प्रत घरोघरी पोचूनही मराठीतली तोवरची सर्वात मोठी कमाई त्यानेच केली. रहिमतपूरला रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले होते. लोकांना सिनेमा हवा असेल तर ते येतात. पायरसी हे पडलेल्या सिनेमाचं सोयीचं कारण झालंय.

---

पडद्यामागचा

आकडेमोड, पुरात एक वड टिकला म्हणून पूर आलाच नव्हता असं होत नाही. 'सैराट'च्या मागे मोठा स्टुडिओ होता, गाणी महिनाभर आधी लग्नांच्या वरातीत पोचली होती. दीड-दोन कोटींत केलेल्या, चाळीस पडद्यांवर लागलेल्या सिनेमाचं बोला. तो चोरीमुळे पडला की नाही हे कोणीच सिद्ध करू शकणार नाही, कारण दुसरा आठवडा त्याच्या वाट्याला आलाच नाही.

---

आकडेमोड

हा मुद्दा मान्य. लहान सिनेमाला वेगळं माप लावायला हवं.

---

डेलावेअरकर

तुम्हाला निदान सव्वाबाराचा खेळ तरी आहे. इकडे मराठी सिनेमा महाराष्ट्र मंडळाने खटपट केली तर लागतो. एक रविवार, एक खेळ, सत्तर मैलांवर. माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा आम्ही तिघं गेलो. ती थिएटरात शेजारच्या अनोळखी बाईशी इतकं बोलली की मध्यंतराच्या चहाला दोन घरांची ओळख झाली. ते सुख लॅपटॉपवर नाही.

पण बाकीच्या वेळी? मी तीन सेवांचे पैसे भरतो. भारतात दिसणारे निम्मे मराठी सिनेमे इकडे 'आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही' म्हणून येतात. परदेशाचे हक्क वेगळे विकलेले असतात किंवा कोणी घेतलेलेच नसतात. गेल्या वर्षी मी एका निर्मात्याला पत्र लिहून विचारलं होतं, दहा डॉलर देतो, सिनेमा कसा बघू? आठवड्याने त्यांचं उत्तर आलं, अतिशय अदबीने. अजून सोय नाही, लोभ असावा.

मी चोरीची प्रत बघत नाही. पण ज्यांचे आईवडील इकडे हिवाळ्यात घरात अडकून पडतात त्यांना मी काय तोंडाने सांगू?

---

जोडकाम

मी संकलन करते, चौदा वर्षं झाली. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण ओटीटीविषयी बाहेर फार गैरसमज आहेत.

पूर्वी मराठी निर्माता हिशेब मांडायचा तो असा : राज्य सरकारचं अनुदान ('अ' दर्जा मिळाला तर चाळीस लाख, 'ब' मिळाला तर तीस), वाहिनीचे हक्क, आणि मग तिकिटं. वाहिन्या घाऊक भावाने सिनेमे घेत. त्या जोरावर दरवर्षी शंभरावर सिनेमे निघत. त्यातले कितीतरी कोणी पाहिलेही नाहीत, हेही सांगायला हवं.

मग ओटीटी आलं. २०२०-२१ मध्ये थिएटरं बंद होती तेव्हा त्या मंडळींना मजकूर हवा होता आणि आमच्यातल्या अनेकांची घरं त्यावर चालली. माझंही चाललं. तो काळ गेला. आता मराठी सिनेमा घेऊन गेलं की पहिला प्रश्न, 'थिएटरात किती केले?' केले असतील तर घेतो, नसतील तर एकरकमी पैसे नाहीत, बघणाऱ्यांच्या तासांप्रमाणे वाटा देतो. तासांचे आकडे त्यांच्याकडेच. वाहिन्याही आता थांबतात. म्हणजे ओटीटीने थिएटरला पर्याय दिला असं वरवर दिसतं, पण लहान सिनेमाच्या बाबतीत थिएटरातला तो पहिला पंधरवडा आणखीच जीवघेणा झाला. तिथे पडलात तर पुढचं दारही बंद.

'दोन महिन्यांनी येईलच' म्हणून थांबणाऱ्याला म्हणूनच सांगावंसं वाटतं की तो येईलच असं नाही. हिंदीत मल्टिप्लेक्सच्या साखळ्या आठ आठवड्यांचं अंतर मागतात, त्यामुळे लोकांच्या मनात तो हिशेब बसलाय. मराठीत मी काम केलेले तीन सिनेमे आज कायदेशीरपणे कुठेही दिसत नाहीत. त्यातला एक फक्त चोरीच्या एका वाहिनीवर आहे, वर कुठल्यातरी सट्ट्याच्या अॅपची जाहिरात चिकटवलेली. परवा मुलीला माझं काम दाखवायचं होतं. त्या प्रतीवर दाखवलं नाही मी.

---

मेथीचीजुडी

जोडकाम ताई, शेवटचं वाचून कसंतरी झालं. एक विचारू का? प्रत बाहेर जाते कशी? सगळ्याच काही थिएटरात मोबाइल धरून घेतलेल्या नसतात.

---

जोडकाम

विचार की. तीन वाटा आहेत. एक, थिएटरातला कॅमेरा. सिनेमा थिएटरला कूटबद्ध फाइलमध्ये जातो आणि ठरावीक यंत्रावर, ठरावीक तारखांनाच उघडेल अशी किल्ली वेगळी येते. पडद्यावरच्या चित्रात न दिसणारी खूण असते. चोरीच्या प्रतीवरून कुठलं थिएटर आणि कुठला खेळ ते शोधता येतं. पण शोधायला प्रयोगशाळा लागते, तक्रार लागते, आणि तोवर प्रत हजार ठिकाणी गेलेली असते.

दुसरी वाट आतली. २०१६ मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटला तेव्हा प्रतीवर सेन्सॉरसाठी असल्याचा मजकूर दिसत होता. म्हणून आमच्याकडे आता पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर घेणाऱ्याचं नाव ठसठशीत टाकतात. तिसरी वाट ओटीटीची. तिथे आल्यावर तासाभरात स्वच्छ प्रत बाहेर. थिएटरातली प्रत बघून 'नको बाबा, डोळे दुखतात' म्हणणारा माणूस या प्रतीसाठीच थांबलेला असतो.

---

सरळमार्गी

नोव्हेंबर २०२३ पासून माहिती-प्रसारण मंत्रालय आणि सेन्सॉर बोर्डात यासाठी नोडल अधिकारी नेमले आहेत. हक्कदाराने तक्रार केली की अठ्ठेचाळीस तासांत लिंक बंद करायची, अशी व्यवस्था आहे. रानजाई, भावाच्या निर्मात्यांना हे नक्की सांगा.

---

पडद्यामागचा

अठ्ठेचाळीस तास म्हणजे शनिवार-रविवार, साहेब. पण करावीच तक्रार, सोडू नये.

---

खमंगकाकडी

मला कोणीच बोललं नाही त्या गोष्टीबद्दल बोलायचंय. चौघांचं कुटुंब पुण्यात मल्टिप्लेक्सला गेलं की तिकिटं, पार्किंग, दोन पॉपकॉर्न, पाणी मिळून दीड हजार सहज. महिन्यात एकदा परवडतं, आणि त्या एकदात मुलं म्हणतात मोठा इंग्रजी किंवा दक्षिणेकडचा सिनेमा, कारण 'मराठी घरी बघू'. हे 'घरी बघू' आमच्याच तोंडात आहे.

व्हीसीडीच्या वेळचं आठवतं का कोणाला? २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला काढली. रस्त्यावरच्या चोरीच्या सीडीपेक्षा स्वस्त! आमच्या घरी तेव्हा रीतसर सीड्यांचा डबा भरला होता. पुढे इंटरनेटने तो धंदाच गेला, पण भाव बरोबर असला तर माणूस सरळ वाटेने जातो हे मी तेव्हा स्वतःच्या घरात बघितलं. मराठी सिनेमाला सोमवार ते गुरुवार ऐंशी-नव्वद रुपयांचं तिकीट सगळीकडे का नसावं? शंभरच्या आतल्या तिकिटावरचा जीएसटीसुद्धा सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांवर आलाय.

---

व्हिडिओकोच

२८ रुपयांच्या सीड्या! आमच्या बाबांनी त्यातल्या एकूण एक जुन्या मराठी सिनेमांच्या घेतल्या होत्या. प्लेअर गेला, सीड्या कपाटात आहेत. त्यातले काही सिनेमे आता कुठेच सापडत नाहीत, म्हणून टाकवत नाहीत.

---

जोडकाम

व्हिडिओकोच, कृपा करून टाकू नका. त्यातल्या काही सिनेमांची बरी प्रत खुद्द निर्मात्यांच्या वारसांकडेही नसेल. नावं मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी विचारून बघते.

---

डेलावेअरकर

खमंगकाकडी म्हणतात ते इकडेही लागू आहे. निर्मात्यांनी स्वतःच एक साधं संकेतस्थळ काढावं, पैसे भरा आणि बघा, जगात कुठूनही. मंडळाच्या यादीवर विचारलं तर आमच्या एकट्या गावात साठ घरं तयार होतील.

---

तालीममास्तर

रानजाई, चहा झाला का?

---

रानजाई

झाला. म्हणून परत आले.

काल तासगावला गेले. बरोबर भावाला नेलं नाही, पण त्याच्याकडून एक फाइल घेतली होती. अण्णांनी मला बघताच पहिलं काय सांगितलं असेल? "अगं, आख्खा सिनेमा बघितला, शेवटपर्यंत बसलो, पण आपल्या पोराचं नाव काही आलं नाही. त्याला फसवलं की काय त्या लोकांनी?" ते खरोखर काळजीत होते. दोनदा मागे नेऊन शोधलं होतं.

नाव शेवटच्या नामावलीत आहे. मोबाइल धरणाऱ्याने सिनेमा संपल्या संपल्या बंद केला होता.

मी त्यांना ते सांगितलं. मग हेडफोन लावून दिले आणि भावाची फाइल ऐकवली. साडेचार मिनिटांचा पाऊस. अण्णा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, हा आपल्या जुन्या घराच्या पडवीवरचा आहे. तो नव्हता, भुदरगडच्या कोणाच्या तरी कौलांवरचा होता, पण मी काही बोलले नाही. लिंकमध्ये यातलं काही का नव्हतं, असं त्यांनी स्वतःच विचारलं. मग पडद्यामागचा यांनी लिहिलेला दुसऱ्या आठवड्याचा हिशेब मी त्यांना वाचून दाखवला. सोमवारचे आठ प्रेक्षक ऐकून ते गप्प झाले.

संध्याकाळी त्यांनी ग्रुपवरची लिंक स्वतः काढून टाकली आणि लिहिलं, "वरील लिंक माझ्याकडून चुकून आली. त्यात पोराचं कामच ऐकू येत नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिलेला नाही." त्यावर माझ्या भावाने पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. फक्त "अण्णा."

सांगलीतून सिनेमा गुरुवारीच उतरला. कोल्हापुरात शनिवारी सकाळी पावणेदहाचा एक खेळ राहिलाय. आम्ही अकरा जण जातोय. अण्णांचे गुडघे दुखतात, म्हणून ते इतकी वर्षं थिएटरात गेले नाहीत, हेही मला कालच कळलं. तिथे जिना किती आहे, कोणाला माहीत आहे का?

---

मुक्ताछंद

मी कोल्हापूरचीच. समोरून गेलात तर पायऱ्या बऱ्याच आहेत. गाडी मागच्या पार्किंगला घ्या, तिथून लिफ्ट थेट वर जाते. अण्णांसाठी कडेची खुर्ची घ्या, शेवटून दुसरी रांग, तिथे पाय लांब करता येतात. आमच्या तिघींची तिकिटं आत्ताच काढली.

---

पडद्यामागचा

चौदा झाले. मी कराडहून निघतोय, सोबत दोघं. नामावली संपेपर्यंत कोणी उठू नका. दिवे लवकर लावले तर मी आत जाऊन सांगतो, त्या कामाची मला सवय आहे.